मेजला (Mage, जादूगाराला) आधी मेज होऊ द्या : रेड चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळात रेड (मोठ्या गटाची स्वारी) चालवणारे, गिल्डचे (खेळाडूंच्या संघाचे) ऑफिसर आणि क्लास लीडर असलेले माझे मराठी मित्रमैत्रिणी यांस,

सप्रेम नमस्कार.

पहाटेचे साडेतीन वाजलेत. रेड आत्ताच संपली आणि झोप येत नाहीये, म्हणून लिहायला बसलो. आपल्यातले बहुतेक जण युरोपातल्या सर्व्हरवर खेळतात. तिकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये राहणारे तुम्ही जेवून निवांत बसता. इकडे नाशिक-पुण्यातले आम्ही घरातले दिवे मालवून, हेडफोन घालून, हळू आवाजात बोलत खेळतो. इतकी झोप मोडून जी गोष्ट आपण सांभाळतो, ती आपल्याला प्रिय आहे हे सांगायची गरज नाही. म्हणूनच हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. पण जे म्हणायचंय ते स्पष्ट म्हणणार आहे.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर ती म्हणाली, "मामा, मलाही खेळायचंय. मला जादू करणारी व्हायचंय." मला फार आनंद झाला. मी तिला तेव्हाच्या आमच्या गिल्डमध्ये आणलं. पहिल्याच संध्याकाळी एका ऑफिसरनं तिला सांगितलं, मेज भरपूर आहेत, प्रीस्ट हो, हीलर (जखमा भरणारे) कमी पडतात. ती म्हणाली, पण मला आग आणि बर्फ हवाय. दोन दिवस हे चाललं. शेवटी ठरलं, बरं, मेज हो, पण लवकर 60 ला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोच, मोल्टन कोअरच्या रेडला माणसं कमी पडतायत. मग तिला बूस्ट करायचं ठरलं. त्याचं गोल्ड (खेळातले पैसे) मी दिलं. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लपवायचं नाही. मीच दिलं.

बूस्टिंग कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो. 60 लेव्हलचा एक मेज डंजनमधले (शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागेतले) सगळे शत्रू धावत धावत गोळा करतो, फ्रॉस्ट नोव्हानं त्यांचे पाय गोठवतो, ब्लिंक मारून लांब होतो आणि त्यांच्यावर ब्लिझार्ड पाडतो. ज्याला लेव्हल हवीय तो दाराशी उभा राहतो. त्यानं काही करायचं नसतं. केलं तर उलट गोंधळ होतो. स्टॉर्मविंडच्या स्टॉकेड्समध्ये, पुढे झुल'फराकमध्ये माझी भाची अशी दाराशी उभी होती. दुसऱ्या खिडकीत ती मालिका बघायची. लेव्हल वाढल्याचा सोनेरी झोत अंगावरून गेला की मला मेसेज करायची, "मामा, 37 झाले." पुढे पुढे मेसेजही बंद झाले.

अकरा दिवसांत ती 60 ला पोचली. ट्रेनरकडे जाऊन सगळे मंत्र एका दमात विकत घेतले. बारवर, म्हणजे मंत्रांच्या बटणांच्या पट्टीवर, कुठे काय ठेवायचं हे मी फोनवर सांगितलं. त्याच आठवड्यात तिची पहिली रेड झाली. मोल्टन कोअर, 40 जण. तिथल्या गेहेन्नास या बॉसचा शाप लागला की त्या माणसाला मिळणारं हीलिंग 75 टक्क्यांनी घटतं. क्लासिकमध्ये शाप उतरवू शकणारे वर्ग (पात्रांचे प्रकार) दोनच, मेज आणि ड्रुइड. टँकवर, म्हणजे शत्रूचा मार अंगावर घेणाऱ्यावर, शाप बसला होता आणि भाचीच्या बारवर शाप उतरवायचं बटणच नव्हतं. ते मीच सांगायचं विसरलो होतो आणि तिला स्वतःहून कधी लागलं नव्हतं. टँक पडला, पाठोपाठ सगळे पडले. व्हॉइसवर एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "मेज झोपलेत का?" दुसऱ्या दिवशी कोणीतरी लॉग, म्हणजे कोणी किती मारलं त्याची नोंद, टाकला. त्यात तिचं नाव राखाडी रंगात तळाशी होतं आणि खाली तीन-चार जणांच्या हसण्याच्या खुणा. ती काही बोलली नाही. गेम काढून टाकला. मला कळलं ते आठवड्यानं.

ही चूक एका गिल्डची नाही, म्हणून मी नाव घेत नाही. मी त्यानंतर दुसऱ्या दोन गिल्डमध्ये हेच पाहिलं. नवीन माणूस येतो, त्याला एक वर्ग आवडलेला असतो. आपण त्याला आपल्या यादीतली रिकामी जागा दाखवतो. तो हट्टानं आवडीचाच वर्ग घेतो तेव्हा आपण त्याला घाईनं 60 वर नेऊन ठेवतो. मग तो आपल्यासारखा खेळत नाही म्हणून आपणच त्याच्यावर रागावतो.

या 60 लेव्हल म्हणजे रेडच्या दाराबाहेर लागलेली रांग आहे, असं आपण मानायला लागलोय. मेजच्या बाबतीत तरी हे खरं नाही. मेजला मंत्र कधी कधी मिळतात तेच बघा. पहिल्या लेव्हलला फायरबॉल. चौथ्याला फ्रॉस्टबोल्ट आणि स्वतःचं पाणी. सहाव्याला खायला. आठव्याला पॉलिमॉर्फ, म्हणजे शत्रूची मेंढी करणं. दहाव्याला फ्रॉस्ट नोव्हा. बाराव्याला सावकाश खाली पडणं. अठराव्याला शाप उतरवणं. विसाव्याला ब्लिंक आणि पहिलं टेलिपोर्ट. चोविसाव्याला काउंटरस्पेल. चाळिसाव्याला इतरांसाठी पोर्टल. घरातलं मूल आधी पोळपाटाशी खेळतं, मग वेडीवाकडी पोळी लाटतं आणि मग कधीतरी पंगतीला वाढतं, तसा हा क्रम लावलेला आहे. एक गोष्ट हातात बसते तोवर दुसरी मिळते. दाराशी उभं राहून आलेल्या माणसाला हे सगळं एका दिवशी, एका ट्रेनरकडून, एका यादीत मिळतं. त्याच्या हाताला त्यातलं काहीच ओळखीचं नसतं.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण दोन महिन्यांनी भाची परत आली. स्वतःहून. म्हणाली, "या वेळी मला कोणी ओढायचं नाही, मामा. तू पण नाही." तिनं नोम या बुटक्या जातीचं नवीन पात्र काढलं. नोमला बुद्धी 5 टक्के जास्त मिळते, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिला त्या बुटक्या मुलीचे गुलाबी केस आवडले म्हणून घेतली. माणूस, नोम, अनडेड, ट्रोल या चारांपैकी कोणीही मेज होऊ शकतो आणि चारही चांगले चालतात. केस आवडले हे कारण मला पुरेसं वाटलं.

आठव्या लेव्हलला डन मोरोमधल्या गोल'बोलारच्या खाणीत दोन ट्रॉग एकदम तिच्या अंगावर आले. ज्याला आधीच दोन फ्रॉस्टबोल्ट बसले होते, त्याचीच तिनं मेंढी केली. ती मेंढी बघता बघता धडधाकट झाली, कारण मेंढी झालेल्याचं आयुष्य भराभर भरून येतं. दुसरा ट्रॉग मरतोय तोवर पहिला पूर्ण ताजातवाना होऊन परत आला आणि ती मेली. फोन करून मला म्हणाली, "मामा, जखमी असेल त्याची मेंढी करायची नाही, धड असेल त्याची करायची." हे मी तिला शंभरदा सांगितलं असतं तरी असं लागलं नसतं.

दहाव्या लेव्हलला फ्रॉस्ट नोव्हा मिळाल्यावर ती मागे हटायला शिकली. गोठवायचं, वळायचं, आठ-दहा पावलं पळायचं, परत वळायचं, मारायचं. विसाव्याला ब्लिंक मिळालं. ब्लिंक तोंड असेल त्या दिशेला 20 यार्ड नेतं. डेडमाइन्समध्ये ती घाबरून ब्लिंक मारायला गेली आणि थेट पुढच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. पाचही जण मेले. पण त्या टँकनं शांतपणे परत सुरुवात केली. प्रत्येक वेळी एका शत्रूवर चंद्राची खूण टाकली आणि थांबला. ती मेंढी करायची, मग तो पुढे जायचा. डेडमाइन्समधले बहुतेक शत्रू डिफायसची माणसं, म्हणजे मेंढी होऊ शकणारी. शेवटी जहाजावर पोचले तेव्हा तो टँक तिला म्हणाला, चंद्र कधीच सुटला नाही. त्या अनोळखी माणसाचं ते वाक्य तिनं मला तीनदा सांगितलं. आमच्या गिल्डनं तिला तसं एक वाक्य दिलं असतं तर ती गेलीच नसती.

आता मोजण्याबद्दल. मला वाटतं खरं दुखणं इथे आहे.

आपण मेज निवडतो आणि पारखतो तो फक्त मारावरून. मीटरवर, म्हणजे कोणाचा मार किती हे दाखवणाऱ्या तक्त्यावर, कोण वर, लॉगमध्ये कोणाचा रंग जांभळा, कोणाचा केशरी. मार महत्त्वाचा आहे, तो मी नाकारत नाही. रेडमध्ये बॉस वेळेत पडला नाही तर बाकी सगळं फुकट. पण मेजचं निम्मं काम मीटरवर उमटतच नाही, आणि उमटतं ते कधी कधी दुसऱ्याच्या नावावर उमटतं.

शाप उतरवण्याचा हिशोब करा. इम्प्रूव्ह्ड फ्रॉस्टबोल्ट हे कौशल्य घेतलेल्या मेजला एक फ्रॉस्टबोल्ट टाकायला अडीच सेकंद लागतात. एक शाप उतरवला की दीड सेकंद गेला. तीन शाप उतरवले की साडेचार सेकंद, म्हणजे जवळपास दोन फ्रॉस्टबोल्ट. मोल्टन कोअरमधल्या लुसिफ्रॉन या बॉसचा शाप सगळ्यांच्या मंत्रांचा खर्च दुप्पट करतो. तिथल्याच शाझ्राचा शाप जादूचा मार दुप्पट लागू करतो. या लढायांमध्ये जो मेज इमानदारीनं शाप उतरवत राहतो, तो मीटरवर खाली जातो. जो कोणाकडे न बघता बोल्ट टाकत राहतो, तो वर जातो. आणि दुसऱ्या दिवशी आपण शाबासकी वरच्याला देतो. नवीन मुलं मूर्ख नसतात. कशाला टाळ्या पडतात ते त्यांना दोन रेडमध्ये कळतं.

आग खेळायला लागल्यावर तर अजून मजेशीर प्रकार होतो. पाच-सहा मेज एकाच बॉसवर आग टाकतात. कोणाचा क्रिटिकल (जास्त जोराचा फटका) बसला की इग्नाइट (जळत राहणारा जाळ) लागतो, त्या माराच्या 40 टक्के चार सेकंदांत. बाकीच्यांचे क्रिटिकल त्याच इग्नाइटवर रचले जातात, पाचपर्यंत. आणि तो सगळा जाळ ज्यानं पहिला लावला त्याच्या नावावर पडतो. त्याचा थ्रेटही (शत्रूचा रोखही) त्याच्यावरच. म्हणजे एकाचं नाव मीटरवर आकाशाला भिडतं आणि त्याला तिथे नेणारे चार जण खालीच दिसतात. हे काम पाचांचं आहे. हे ठाऊक असूनही आपण त्या चौघांना विचारतो, तुझा आकडा का कमी?

मेंढीचंही तेच. दोन मिनिटं एका शत्रूला बाजूला ठेवलं, त्यात मीटरवर शून्य. काउंटरस्पेल वेळेवर मारलं, शत्रूची ती जादू दहा सेकंद बंद पडली, टँक वाचला, मीटरवर शून्य. मी तर म्हणेन, चांगला मेज ओळखायचा असेल तर मीटर बंद करून एक डंजन त्याच्याबरोबर करा. स्कार्लेट मॉनेस्टरीच्या लायब्ररीत न्या. तिथे हीलिंग करणारे चॅपलेन असतात. तो कोणाची मेंढी करतो, कोणाला काउंटरस्पेल मारतो, मेंढीच्या शेजारी आर्केन एक्स्प्लोजन (आजूबाजूच्या सगळ्यांना लागणारा मंत्र) करून ती उठवतो की नाही, टँकच्या हातात शत्रू येण्याआधी हात शिवशिवतात की नाही. अर्ध्या तासात कळतं.

जादूगार हा वर्ग खेळांमध्ये सुरुवातीपासूनच असा आहे. 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा त्यात योद्धा, धर्मगुरू आणि जादू वापरणारा असे तीनच वर्ग होते, आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळायचा. तो कधी टाकायचा हीच त्याची कला. 1999 च्या एव्हरक्वेस्टमध्ये विझार्ड, मॅजिशियन, नेक्रोमॅन्सर आणि एन्चान्टर असे चार वेगवेगळे जादूगार होते. जाळायचं काम विझार्डचं, शत्रूंना खिळवून ठेवायचं काम एन्चान्टरचं. 2004 च्या वॉरक्राफ्टनं जाळणं आणि थोपवणं ही दोन्ही कामं एकाच मेजच्या हातात दिली. आपण त्यातलं एकच मोजतो.

पाण्याविषयी बोलायलाच हवं. मेज म्हणजे गिल्डची पाणपोई. रेडच्या आधी सगळ्या हीलरना आणि वॉरलॉकना पाण्याच्या गठ्ठ्यांची वाट असते. हे काम मला मनापासून आवडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला माठ भरून ठेवणाऱ्याला जे समाधान मिळत असेल तेच मला मिळतं. पण त्यामागे काय लागतं ते नव्या ऑफिसरना सांगतो. मंत्रानं केलेलं पाणी साठवून ठेवता येत नाही. लॉग आउट करून पंधरा मिनिटं झाली की ते नाहीसं होतं. म्हणून प्रत्येक रेडला नव्यानं करायचं. करताना माना (जादूची शक्ती) संपते, मग मेज खाली बसून तेच पाणी पितो आणि उठून पुढचं करतो. सगळ्यांसाठी एकदम टेबल मांडायची सोय 2007 च्या बर्निंग क्रुसेड या खेळाच्या पुढच्या भागात आली. क्लासिकमध्ये एकेकाला ट्रेड उघडून हातात द्यावं लागतं. सगळ्यात वरच्या दर्जाचं पाणी तर 60 ला डायर मॉलमधलं काम पूर्ण केल्यावरच करता येतं.

एवढं असताना लोक येतात, एक शब्द न बोलता ट्रेडची खिडकी उघडतात आणि उभे राहतात. पोर्टलचंही तसंच. चाळीस लेव्हलनंतर प्रत्येक पोर्टलला एक रून लागतो, त्याची किंमत 20 सिल्व्हर. रक्कम छोटी आहे आणि ती मागायचीही नाहीये. "जरा आयर्नफोर्जला सोडशील का?" एवढं विचारलं तरी पुरे. घरी आलेल्याला आपण पाणी विचारतो आणि पाणी घेणाराही दोन शब्द बोलतो. ऑफिसर हे करायला लागले की बाकीचे आपोआप करतात. नवी मेज असलेली पोर पहिल्या रेडला तेरा जणांना पाणी वाटते आणि कोणी तिचं नावही घेत नाही, हे बरं दिसत नाही.

टॅलेंटबद्दल, म्हणजे पॉइंट टाकून निवडायच्या कौशल्यांबद्दल, थोडंच. मोल्टन कोअरमधले आगीचे प्राणी आगीनं मरत नाहीत, रॅग्नारोसवर तर आगीचा परिणामच नाही, म्हणून तिथे फ्रॉस्ट. आन'किराजच्या रेडपासून पुढे आग. हे बरोबरच आहे. पण एखादा मुलगा पस्तीस लेव्हलला आर्केनचे पॉइंट टाकून मजेत फिरतोय, त्याला तेव्हापासूनच रेडचा साचा लावू नका. टॅलेंट परत वाटून घ्यायला पहिल्यांदा 1 गोल्ड लागतं, मग 5, आणि वाढत वाढत 50 पर्यंत जातं. त्या वयात पन्नास गोल्ड म्हणजे घोड्याचे निम्मे पैसे. त्याला चुकू द्या. पायरोब्लास्ट टाकायला सहा सेकंद लागतात आणि तो मारताना शत्रू अंगावर आला तर काय होतं, हे त्याला स्वतःच्या मरणातून कळू द्या. साठला आला की सांगा, तो ऐकेल.

आणि वर्ग निवडताना. तुमच्यासमोर कोणी नवीन येऊन म्हणालं, मला मेज व्हायचंय, तर त्याला आधी खरं सांगा. अंगावर कापडाचे कपडे असतील, दोन फटक्यांत पडशील. माना संपली की तुझ्याकडे काठी आणि वाँड (जादूची छडी) एवढंच उरेल, म्हणून पाचव्या लेव्हलला कोणा एन्चान्टिंग करणाऱ्याकडून लेसर मॅजिक वाँड घे. दर दोन-तीन लढायांनंतर बसून पाणी प्यावं लागेल. बॉस तुझ्याहून तीन लेव्हल वर असतात, तिथे दर सहा मंत्रांतला एक हुकेल, तोवर हिट (मंत्र लागण्याची शक्यता वाढवणारा गुण) गोळा करायचं. सगळं सांगा. आणि एवढं ऐकूनही तो म्हणाला, चालेल, तर त्याला मेजच होऊ द्या. रिकामी जागा भरायला आलेला प्रीस्ट तीन महिन्यांत निघून जातो. ज्याला मेजच व्हायचं होतं तो तीन वर्षं रात्री साडेबाराला जागा राहतो. हे मी ऑगस्ट 2019 पासून पाहतोय, ज्या महिन्यात क्लासिक सुरू झालं त्या महिन्यापासून. आज आमच्याबरोबर टिकलेले सगळे जण स्वतःचा वर्ग स्वतः निवडून आलेले आहेत.

बूस्टिंग पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. ज्याचा एक मेज 60 लेव्हलला पोचला आहे, त्याला दुसरा टँक काढायचा आहे, त्याला दाराशी उभं राहू द्या. त्याला खेळ ठाऊक आहे. माझी विनंती फक्त पहिल्या पात्रापुरती आहे. ज्याचं पहिलंच पात्र आहे त्याला गिल्डच्या खर्चानं बूस्ट देऊ नका, मागितला तरी. त्याऐवजी आठवड्यातली एक रात्र रेड सोडून त्याच्याबरोबर लहान डंजनला जा. तुमचा साठचा टँक घरी ठेवा आणि वीस-पंचवीसचं पात्र काढून जा. त्याच्याबरोबर मरा. चंद्राची खूण टाका आणि थांबा.

रेडनंतर लॉग टाकता तेव्हा माराच्या आकड्याशेजारी शाप किती उतरवले तेही टाका. लॉगमध्ये ती माहिती असतेच, नुसतं दुसरं पान उघडायचं. ज्यानं जास्त उतरवले त्याचं नाव व्हॉइसवर घ्या. आणि कोणाचा राखाडी आकडा सगळ्यांसमोर टाकून हसू नका. एकट्याला बाजूला घेऊन सांगा. वयानं मोठ्यांनाही ते लागतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला तर फारच लागतं.

भाची आज तेहेतिसाव्या लेव्हलला आहे. तिला स्कार्लेट मॉनेस्टरीची लायब्ररी करायची आहे. आपण अलायन्सच्या बाजूचे, त्यामुळे वाट लांबची आहे. साउथशोअरहून ऑल्टरॅकचा डोंगर, मग वेस्टर्न प्लेगलँड्स, होर्डची, म्हणजे समोरच्या बाजूची, चौकी चुकवून टिरिसफॉल. जाताना दोघं-तिघं मरतीलच. तिनं अजून कोणाला विचारलेलं नाही, गिल्डमध्ये परत विचारायचा तिला संकोच वाटतो. म्हणून मी विचारतोय. शनिवारी रात्री साडेअकराला साउथशोअरच्या खाणावळीपाशी जमायचं आहे. तीस ते अडतीसमधला एक टँक, एक हीलर आणि कोणीही एक हवा आहे. मी माझा चौतीस लेव्हलचा रोग (Rogue, लपून वार करणारं पात्र) घेऊन येतोय.

पाणी तिनं करून ठेवते म्हणून सांगितलंय.

तुमचाच,
नाशिकचा एक मेज